हाली, कलदार आणि गादी

सिंदफणेच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी, मोंढ्यात, तीन पिढ्यांची एक अडत पेढी आहे. पेढीच्या मागच्या खोलीत तुरीच्या थप्पीआड एक लोखंडी पेटी ठेवलेली आहे. दरवर्षी दिवाळीत वहीपूजनाच्या आधी ती उघडली जाते, जुन्या वह्यांना ऊन दाखवले जाते आणि पेटी पुन्हा वर्षभरासाठी बंद होते. त्यांपैकी एका वहीत पानाच्या मध्यावर लाल शाईने आडवी रेघ ओढलेली आहे. सारी वही मुडिया लिपीत आहे. फक्त त्या रेघेच्या वर ‘हाली’ आणि खाली ‘कलदार’ असे कोणीतरी नंतर पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवले आहे. वरची येणे बाकी ३,५०० रुपये, खालची ३,०००. मधले पाचशे कोठे गेले, असे घरातील प्रत्येक नवी पिढी एकदा तरी विचारते.

ते कोठेच गेले नाहीत. हाली हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा रुपया आणि कलदार हा हिंदुस्थान सरकारचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा भाव होता. राज्य बदलले तेव्हा येणे तेवढेच राहिले, त्याचा आकडा मात्र लहान झाला. खातेदाराला वाटले आपले कर्ज घटले, आणि मुनिमाला ते समजावून सांगताना घाम फुटला. शंभर कलदार म्हणजे ११६ हाली, १० आणे, ८ पै. हा हिशोब तोंडी करणारे मुनीम त्या काळी मोंढ्यात होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. संस्थानातील सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद आणि बीड हे पाच मराठी भाषकांचे. रझाकारांच्या धुमाकुळात जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून पलीकडे गेली होती. या पेढीचे संस्थापक दादाजीही बायकामुलांना घेऊन जामखेडला नातेवाइकांकडे जाऊन राहिले. निघताना बैलगाडीत दागिने थोडे आणि वह्या जास्त भरल्या, असे घरात अजून सांगतात. ते खरेच असावे. अडत्याची दौलत तिजोरीत फारशी नसते; ती लोकांकडे पसरलेली असते आणि तिचा एकमेव साक्षीदार म्हणजे वही.

परत आल्यावर दुकान तेच होते, राज्य दुसरे होते. पुढील बारा-चौदा वर्षांत दादाजींनी काय काय बदलले हे पाहिले की आश्चर्य वाटते. महसुलाचे आणि कोर्टाचे कागद उर्दूतून येत, ते हळूहळू मराठीत येऊ लागले; उर्दू वाचणाऱ्या कारकुनाची जागा मराठी लिहिणाऱ्याने घेतली. पेढीच्या हुंड्या हैदराबादच्या बेगमबाजारावर लिहिल्या जात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पेढीचे तोंड नगर-पुणे-मुंबईकडे वळले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. या एका पैशावरून गिऱ्हाइकांशी रोज वाद. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले, तराजूची सारी वजने नवी घ्यावी लागली आणि मापाड्यांना नव्याने शिकवावे लागले. १९५९ पर्यंत हाली रुपया चलनातून पुरता गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. एवढ्या उलथापालथीत पेढीचा एक हंगाम बुडाला नाही. व्यापारी माणूस जुन्याला चिकटून राहतो, असे बाहेरचे लोक म्हणतात. त्यांनी मराठवाड्यातील मोंढे पाहिलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र दादाजींनी बदलली नाही. ती म्हणजे गादी.

गादीवर ते एकटे बसत. खरेदीचा भाव ते ठरवीत, कोणाला किती उधारी द्यायची ते ठरवीत, मुलांची लग्ने आणि हमालांची मजुरीही तेच ठरवीत. तिजोरीची किल्ली जानव्यासारखी अंगावरच असे. घरखर्चासाठी गल्ल्यातूनच पैसे निघत आणि त्याची नोंद कधी होई, कधी राहून जाई. गंमत अशी की ज्या निजामाच्या राजवटीला सारा मराठवाडा एकछत्री म्हणून नावे ठेवी, त्याच्याकडेही एवढा सरमिसळ कारभार नव्हता. राज्याच्या वसुलाचा मुलूख ‘दिवाणी’ आणि निजामाच्या खासगी उत्पन्नाचा मुलूख ‘सर्फ-ए-खास’, असे दोन भाग तेथे वेगळे होते. १९४९ च्या फेब्रुवारीत ही खासगी जमीन राज्यात विलीन झाली आणि निजामाला ठरावीक वार्षिक रक्कम मिळू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरीही गेल्या. दादाजींनी या बातम्या पेढीवर वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून घेतल्या असतील, त्यावर चर्चाही केली असेल. गल्ला उघडताना त्यातली दिवाणी कोणती आणि सर्फ-ए-खास कोणती, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी आणि त्यांच्या हमालांनी एकाच रांगेत उभे राहून मत दिले. हमालांचे मत आपल्याएवढेच मोजले जाते याचे कौतुक ते पुढे कित्येक वर्षे सांगत. पेढीवर परतल्यावर मात्र तीन कर्त्या मुलांपैकी एकालाही मत नव्हते.

१९६३ च्या दिवाळीनंतर दादाजी अचानक गेले. आजार नव्हता, पूर्वसूचना नव्हती. तेराव्या दिवशी तिघे भाऊ वह्या घेऊन बसले, तेव्हा खरा प्रसंग समोर आला. चालू वर्षाच्या वह्या मुनिमाने देवनागरीत ठेवल्या होत्या, पण मोठ्या येण्याची खासगी वही दादाजी स्वतः मुडियात लिहीत. मुडियाला काना-मात्रा नसतात. ‘काका अजमेर गया’ असे लिहिलेले पत्र घरच्यांनी ‘काका आज मर गया’ असे वाचले आणि रडारड सुरू झाली, हा विनोद आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्या घरात त्या वर्षी तो कोणी सांगितला नाही. मुले मराठी शाळेत शिकलेली. त्यांना नावेच लागेनात. शेवटी शेजारच्या गावाहून एक वृद्ध मुनीम आणला. त्याने आठ दिवस बसून जेवढे लागले तेवढे उतरवून दिले. उरलेल्या पानांवरचे येणे किती होते, हे आजतागायत कोणालाही माहीत नाही. काही खातेदार आपण होऊन आले आणि म्हणाले, “दादाजींचे एवढे देणे आहे.” काही आले नाहीत. जे आले त्यांची नावे घरात आदराने घेतली जातात. जे आले नाहीत त्यांची नावे तरी कशी घेणार?

एवढा फटका बसूनही थोरल्या भावाने तीच गादी त्याच रीतीने चालविली. वडिलांची किल्ली त्यांच्या कमरेला आली, एवढाच फरक.

फरक पडायला आणखी नऊ वर्षे जावी लागली, आणि त्याचे मूळ एका निवडणुकीत आहे. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत बीडमधून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाच्या वतीने उभे होते. साताऱ्याकडचा माणूस, तोही कम्युनिस्ट. मोंढ्यातील बहुतेक व्यापाऱ्यांनी त्यांना गंभीरपणे घेतले नव्हते. पेढीचे थोरले भाऊ काँग्रेसचे निष्ठावंत. त्यांनी भर बाजारात सांगितले होते की हे निवडून आले तर आपण आठ दिवस दुकान उघडणार नाही. नाना पाटील निवडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक गंमत पाहायला मोंढ्यात जमले, तर थोरले नेहमीच्या वेळी आले, कुलूप काढले, गादी झटकली आणि म्हणाले, “लोकांनी ठरवले, आता काय?” त्यांनी त्या दिवशी चहाही पाजला म्हणतात.

धाकट्या भावाने हे वाक्य लक्षात ठेवले.

बीड जिल्ह्याच्या मतदाराचा हा स्वभाव लक्षात घेण्याजोगा आहे. १९७१ मध्ये त्याने काँग्रेसला परत आणले, १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे यांना दिल्लीला पाठवले, १९८० मध्ये काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर यांना, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे यांना. प्रत्येक वेळी खुर्ची रिकामी करणाऱ्याने ती रिकामी केली आणि नव्याने आलेल्याने कागदपत्रे जागेवर सापडली. जिल्ह्याच्या राजकारणाला हवी तेवढी नावे ठेवता येतील आणि ठेवावीतही. तरीही कारभार एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठी त्यात कोणाला मरावे लागत नाही. मोंढ्यातील किती पेढ्यांबद्दल हे म्हणता येईल?

१९७२ मध्ये दोन संकटे एकदम आली. एक दुष्काळ. मराठवाडाभर लोक खडी फोडायला रस्त्यावर आले; मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर कायमचे बसले. दुसरे संकट कायद्याच्या रूपाने आले. महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला होता आणि १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस शासनाच्या केंद्रावर घालायचा, खासगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. गेवराई, माजलगाव, बीड या पट्ट्यातील पेढ्यांचा अर्धा-अधिक धंदा कापसावर उभा होता. तो एका आदेशाने संपला. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा हा योजनेचा हेतू होता, आणि व्यापाऱ्यांनी काटा मारून, भाव पाडून ती वेळ स्वतःवर ओढवून घेतली, असे म्हणणारे जे होते त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. काही पेढ्यांनी चोरवाटा शोधल्या. काहींनी मुंबईला शिष्टमंडळे नेली. काही उठल्या.

या पेढीत एका रात्री जेवणानंतर बैठक झाली. तशी बैठक त्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती. धाकटे म्हणाले, “मोठे भाऊ, कापूस आता आपला राहिला नाही. पुढच्या पावसाळ्याला बियाणे आणि खताचे दुकान टाकू.”

थोरले म्हणाले, “खत उधारीवर जाते. पाऊस पडला नाही तर कोणाकडे मागशील?”

“कापसावर आगाऊ रक्कम देत होतो, तीही पावसावरच देत होतो ना?”

थोरले गप्प राहिले. मग म्हणाले, “मी आहे तोवर हे होणार नाही.”

तेव्हा धाकट्यांनी ते जुने वाक्य काढले. “सदुसष्टला तुम्ही हरलात. लोकांनी ठरवले म्हणालात आणि दुकान उघडलेत. मग घरातल्या लोकांना एकदा ठरवू द्या. हरलो तर मी उद्या सकाळी येऊन तुमच्या हाताखाली तुरीची पोती मोजीन.”

मुनिमाला बोलावले. त्याने सांगितले, “मी पगारी माणूस, मला मत नको, आकडे देतो.” येणे किती, त्यातले दुष्काळात बुडणारे किती, आणि जुन्या खातेदारांपैकी विहिरीवाले किती, हे त्याने वाचून दाखवले. त्या घरातील पुरुषांनी हे सारे आकडे एकत्र बसून पहिल्यांदाच ऐकले. मग तिघे भाऊ आणि त्यांची आई, अशी चार मते झाली. मधले भाऊ धाकट्याच्या बाजूने गेले. आई पडद्याआड बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमच्या वडिलांनी कोणाला विचारले नाही, म्हणून त्यांच्यामागे तुम्ही आठ दिवस त्या परक्या मुनिमाच्या तोंडाकडे बघत बसलात. धाकटा निदान विचारतो आहे.” त्यांचे मत धाकट्याला पडले. तीन विरुद्ध एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान थोरल्यांनीच उघडले. १९७३ चा पावसाळा चांगला झाला. खताच्या दुकानातील सहा-सात खाती पहिल्याच वर्षी बुडाली, तरी थोरल्यांनी ‘मी म्हणालो होतो’ असे एकदाही म्हटले नाही. हे लहान वाटते, पण नवा धंदा टिकला तो यामुळे. एकाधिकार योजना पुढे सुमारे तीस वर्षे, थेट २००२ च्या सुमारापर्यंत चालली. कापूस परत येईल या आशेवर बसलेल्या पेढ्यांची मुले तोवर दुसरीकडे नोकरीला लागली होती.

निजामाचे आणखी एक प्रकरण या पेढीच्या उपयोगी पडले, तेही विनोदाने. संस्थान विलीन झाल्यावर निजामाला कोणी हाकलून दिले नाही. २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. सही त्यांची, मान त्यांचा, कारभार मंत्रिमंडळाचा. १९९२ मध्ये थोरल्यांनी सत्तरी गाठली आणि कारभार मधल्या भावाच्या मुलाकडे द्यायचे ठरले. ठरले खरे, पण थोरले गादीवरून हलेनात. पुतण्याने नाही म्हटलेली उधारी गिऱ्हाईक थोरल्यांकडून मंजूर करून घेई. महिन्याभरात दुकानात दोन भाव आणि दोन सरकारे झाली. अशा वेळी पुष्कळ घरांत अबोला सुरू होतो आणि मग वाटण्या. येथे धाकटे हसत म्हणाले, “मोठे भाऊ, तुम्ही आमचे राजप्रमुख व्हा.” ज्यांनी निजामाचे राज्य डोळ्यांनी पाहिले होते ते थोरले क्षणभर रागावले, मग त्यांनाही हसू आले. “निजामाला वर्षाला पन्नास लाख मिळत होते. मला किती देणार?”

थट्टेतला हा प्रश्न कोणीतरी गंभीरपणे घेतला, हे त्या घराचे भाग्य. त्याच आठवड्यात थोरल्यांना दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागली. तोवर सत्तर वर्षांच्या त्या माणसाला नातवाला खाऊ आणायचा तरी गल्ल्यातून मागून घ्यावे लागत होते. आणि गल्ला सोडायला ते का तयार नव्हते याचे अर्धे उत्तर तेथेच होते. दिवाळीची पहिली पूजा त्यांची, नव्या खातेदाराला पहिला रामराम त्यांचा, भाव आणि उधारी मात्र पुतण्याची. सरकारने संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद केले. पेढीने आपल्या राजप्रमुखांचा तनखा १९९९ मध्ये ते जाईपर्यंत चालू ठेवला.

बँकेत कर्जखाती सांभाळणाऱ्या कोणालाही विचारावे. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाच्या वेळी साठ्याचे विवरण, विमा, ताळेबंद सारे वेळेवर येते. ‘तुमच्यानंतर कोण?’ या एका प्रश्नाला शेठजींच्या कपाळाला आठी पडते. जणू बँकेने मरण चिंतले. भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ चा आहे. करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते, असे तो स्पष्ट सांगतो. आणि दोनच भागीदार असतील तर उरलेला एकटा माणूस पेढी म्हणवूच शकत नाही. मोंढ्यात अजूनही बाप-लेकाच्या दोन नावांवर कोट्यवधींची उलाढाल चालते आणि करार पाहायला मागितला तर तो ‘सीएकडे असेल’ असे उत्तर मिळते.

या पेढीचा करारही असाच कुठेतरी होता. ज्या पुतण्याने १९९२ मध्ये कारभार घेतला, त्याच्या पत्नी काही वर्षांपूर्वी महिलांसाठी राखीव प्रभागातून नगरपालिकेवर निवडून आल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ही दारे उघडली, आणि महाराष्ट्राने पुढे राखीव जागा निम्म्यावर नेल्या. पहिले वर्षभर त्यांची भाषणे पतीच लिहून देत. सह्या कोठे करायच्या तेही तेच दाखवीत. पुढे पाणीपुरवठ्याच्या एका देयकात त्यांना आकड्यांची चूक दिसली. त्यांनी सभेत प्रश्न विचारला, उत्तर मिळेना म्हणून मूळ कागद मागवले, आणि देयक थांबले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, गावाच्या जमाखर्चाची पाने मी वाचते. आपल्या दुकानाचा रोजमेळ मी पंचवीस वर्षांत एकदाही पाहिलेला नाही.”

पती म्हणाले, “तुला काय कमी आहे?”

निजामाच्या दरबारातही प्रजेला हेच उत्तर मिळत असावे. प्रश्न कमी-जास्तीचा नव्हताच.

ते उत्तर किती महाग आहे हे २०२१ च्या उन्हाळ्यात कळले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत कारभारी आणि त्यांचा मुलगा दोघेही एकाच आठवड्यात रुग्णालयात दाखल झाले. वडील एकोणीस दिवस प्राणवायूवर होते. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हापासून दुकानाचा सारा हिशोब संगणकावर गेला होता आणि तो मुलाने उत्तम बसवला होता. त्याचा परवलीचा शब्द मुलाच्या डोक्यात, आणि बँकेचा ओटीपी ज्या फोनवर येई तो फोन रुग्णालयाच्या उशीखाली. हंगामाच्या तोंडावर बियाण्यांच्या कंपन्यांचे पैसे द्यायचे होते. शेतकरी दारात उभे होते. घरात नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचणारी बाई होती, पुण्यात सनदी लेखापाल झालेली मुलगी फोनवर रोज विचारत होती, “आई, निदान शिल्लक किती ते तरी सांग.” आईला ते सांगता येत नव्हते. दादाजींच्या मुडियाला अठ्ठावन्न वर्षांनी नवी लिपी मिळाली होती, आणि या वेळी शेजारच्या गावाहून आणायला वृद्ध मुनीमही नव्हता.

दोघे बरे होऊन परतले. हंगाम निम्म्याहून अधिक गेला होता.

त्यानंतर त्या घरात महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक होऊ लागली. काय ठरले ते एका साध्या शंभर पानी वहीत लिहिले जाते आणि ती वही आई लिहितात. घरखर्चाची दरमहा रक्कम ठरली. ती थेट घराच्या खात्यात जाते आणि गल्ल्याला कोणी हात लावीत नाही. परवलीचे शब्द बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, दर दिवाळीला बदलतात. एवढे झाले ते सुरळीत झाले. अडले ते नव्या भागीदारी करारावर. मुलगी सीए आहे, लग्न होऊन पुण्यास आहे. तिने मसुदा केला आणि त्यात वडील, आई, भाऊ, भावजय आणि ती स्वतः अशी पाच नावे घातली. भाऊ म्हणाला, “बाहेर दिलेल्या बहिणीचे नाव मोंढ्याच्या पेढीत कशाला?”

कायद्याने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर नेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलची उरलीसुरली शंका मिटवली. कुटुंबाची कर्ती स्त्रीही होऊ शकते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला आहे. सुनेला हा जन्मतः हक्क नाही; तिला वाटा द्यायचा तर तो भागीदारीच्या करारानेच द्यावा लागतो, म्हणून सासरच्या माणसांवर जास्त जबाबदारी येते. हे सगळे मुलाला माहीत आहे. त्याचा आक्षेप कायद्याचा नाही. पहाटे पाच वाजता ट्रक उतरवून घ्यायला आपण जातो, पुण्याहून ताई येत नाही, हे त्याचे म्हणणे आहे आणि ते वजन नसलेले नाही. बहिणीने त्यावर कामाचा मेहनताना वेगळा आणि नफ्याचा वाटा वेगळा, असा बदल सुचवला. तो बैठकीच्या वहीत लिहिलेला आहे.

गेल्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन आटोपून सारे पेढीवर जमले. नातवाला शाळेत भाषण करायचे होते म्हणून लोखंडी पेटी दिवाळीआधीच उघडली होती. त्याने ती लाल रेघ पाहिली आणि ठरलेला प्रश्न विचारला. आजोबांनी सात हाली, सहा कलदार समजावून सांगितले. मग मसुद्याचा विषय निघाला आणि मत झाले. चार विरुद्ध एक. मसुद्यावर चौघांच्या सह्या झाल्या. पाचवी जागा कोरी आहे. ‘सही नाही, विचार चालू,’ असे आईंनी वहीत लिहून घेतले आणि मुलाला ते वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शटर त्यानेच उघडले.